आधी वास, मग घास

जळगावात ऊन फुकट मिळतं. मार्च ते जून तर ते नको म्हटलं तरी घरात येऊन बसतं. अशा गावात राहून आमच्या शेजारच्या नाना चौधरींनी जो जीव पाळला, त्याला उन्हाचा काडीइतकाही उपयोग नाही. हे मी आधीच सांगतो, म्हणजे नाना काय चीज आहेत हे वेगळं सांगावं लागणार नाही. लोक कुत्रं पाळतात, पोपट पाळतात. नानांनी समुद्रातलं पोवळं पाळलं. आता समुद्र आमच्यापासून किती लांब? तर सगळ्यात जवळचा किनारा सुरतेचा धरायचा की मुंबईचा, यावरच गल्लीत अजून एकमत नाही.

पोवळ्यांच्या दोन जाती असतात, असं नाना सांगतात.

"पहिली जात उन्हावर जगते. तिच्या अंगातच सैपाक चालतो. ऊन पडलं की जेवण तयार. वाढायला कोणी लागत नाही." हे सांगताना नानांच्या चेहऱ्यावर सरळसरळ तुच्छता असते. "म्हणजे बुफेवाली जात. आपली तशी नाहीत. आपली अंधारात बसतात, आणि त्यांच्या पानात वाढावं लागतं."

नानांच्या तोंडी 'बुफे' ही शिवी आहे. ती का, हे कळायला नानांचं आधीचं आयुष्य थोडं सांगितलं पाहिजे.

नोकरीनं नाना टपाल खात्यात सॉर्टर. जन्मभर एकेका खणात एकेक पत्र टाकून निवृत्त झाले. पण नोकरी हा त्यांचा जोडधंदा. खरे नाना वाढपी. लग्न, साखरपुडा, बारसं, तेरावं, कार्य कुठलंही असो, पंगत बसली की नाना धोतराचा काचा मारून वरणाची बादली उचलत. आमच्याकडे पंगत म्हणजे वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. बट्टी कोरडी पडायच्या आत वरण पानात पडलं पाहिजे आणि भाजीत मिसळता कामा नये. नाना धावता धावता वाढायचे, पण त्यांच्या वरणाचा थेंब कधी कोणाच्या सदऱ्यावर उडाला नाही. नवशिक्या वाढप्याला ते मागून ओरडत, "हात आखडू नको!" न मागणाऱ्याला आधी वाढायचं, मागणाऱ्याला नंतर, कारण मागणारा उपाशी राहत नाही, हे त्यांचं शास्त्र. सगळं झालं की मांडवाच्या मधोमध उभे राहून अहिराणीत विचारत, "कोनी उपाशी ऱ्हायना का रे?"

कोणी उपाशी राहिलेलं नसे. राहिलेले असत ते दोघेच. नाना स्वतः, आणि बायकांच्या बाजूला वाढणाऱ्या त्यांच्या पत्नी शांताअक्का. मांडवाची कनात उतरायला लागलेली, आचारी पातेली घासतायत, आणि हे दोघं समोरासमोर पानं घेऊन बसलेले, असं मी किती लग्नांत पाहिलं असेल. अक्का नानांना वाढत, नाना अक्कांना. दोघंही आळीपाळीनं पानावर हात आडवा धरत आणि दोघंही तो हात मानत नसत.

पुढे अक्कांना अर्धांग झालं. बरेच दिवस अंथरुणाला खिळून त्या गेल्या. त्याच सुमारास गावात बुफे आला. नाना अशा एका लग्नाला गेले, ताटली हातात घेतली, बसायचं कुठं ते शोधलं, ताटली जागेवर ठेवली आणि घरी आले.

"उभ्यानं खायला आपण काय गव्हाणीवरची ढोरं? आणि वाढणारा टेबलामागं उभा! पोस्टाच्या खिडकीसारखा! ज्याला हवं त्यानं रांगेत यावं म्हणे. अरे, जो लाजतो त्याचं काय?"

त्यानंतर नानांनी लग्नांना जाणं सोडलं. घरातच बसून असत. शेवटी त्यांची मुलगी विद्या त्यांना हवापालटासाठी रत्नागिरीला, आपल्या सासरी घेऊन गेली. तिथं जावयाचा बर्फाचा कारखाना आहे, त्यामुळे मासेमारीच्या धक्क्यावर रोजचं जाणं-येणं. महिनाभरानं नाना परतले ते दुधाची मोठी किटली घेऊन. किटलीत खारं पाणी, पाण्यात दगड आणि दगडावर हे पोवळं. एस.टी.च्या त्या अख्ख्या प्रवासात पाण्यात हवा मिसळत राहावी म्हणून नाना तांब्यानं पाणी काढून वरून ओतत होते, चहा गार करावा तसं. शेजारच्या प्रवाशानं बराच वेळ पाहून विचारलं म्हणे, "काका, अजून किती गरम आहे?"

पोवळं म्हटल्यावर गल्ली लोटली. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे अंगठीतला लाल खडा. प्रत्यक्षात दगडावर बोटाच्या पेराएवढे नारिंगी गोळे, कांद्याची भजी जरा जास्त तळली गेली तर दिसतील तसे. एका गृहस्थांनी धीर करून विचारलंच, "नाना, मंगळाला चालेल का हो?"

"संध्याकाळी या," नाना म्हणाले.

संध्याकाळी आम्ही गेलो. नानांच्या घराच्या मागच्या अंगाला कोठीघर आहे, जाड भिंतींचं, एकाच झरोक्याचं. पूर्वी तिथं वर्षाचे गहू-ज्वारी असायची. आता तिथं काचेची टाकी होती. झरोक्याला गोणपाट. नानांनी कमी उजेडाचा दिवा लावला, आणि काय सांगू, त्या करपल्या भज्यांच्या जागी पिवळीधमक शेवंती फुललेली! प्रत्येक गोळ्यातून पाकळ्यांसारखे बारीक बारीक हात बाहेर आलेले आणि मधोमध एक इवलं तोंड. मी सवयीनं मोजायला लागलो. मी पाटबंधारे खात्यात लेखा शाखेत आहे. समोर काही एकसारखं मांडलेलं दिसलं की मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही.

"मोजू नका!" नाना खेकसले. "पंगतीला बसलेल्यांची तोंडं मोजतात का कोणी?"

 पण तोवर मोजून झाली होती. एकतीस.

मग नानांनी वाढायला घेतलं. काचेची एक नळी, मागे रबरी फुगा. आजाऱ्याला औषध पाजायची असते तशी. आधी त्यांनी सुकटीचं नुसतं पाणी नळीनं हलकेच सगळ्यांवरून फिरवलं. मग नळी बाजूला ठेवून स्वस्थ बसले. आम्हाला वाटलं संपलं. पण बघता बघता मिटलेली राहिलेली तोंडंही उघडायला लागली.

"आधी वास, मग घास," नाना म्हणाले. "घाई केली की मिटतात. वास द्यायचा आणि बसून राहायचं. त्यांना वाटलं की तीच उघडतात."

त्यानंतर एकेका तोंडाला नळीनं एकेक कण. समोरचं झालं की बाजूचं, बाजूचं झालं की मागचं. दगडाच्या पाठीमागं दडलेल्यांना आधी, कारण ती लाजरी. जे घेतलं नाही ते खरकटं म्हणून लगेच नळीनं बाहेर. आणि सगळं उरकल्यावर टाकीकडे वाकून, "कोनी उपाशी ऱ्हायना का रे?"

तेव्हापासून रोज दिवेलागणीला नानांच्या मागच्या दारातून आरोळी येते, "पंगत बसलीऽ!" आमच्या गल्लीतल्या मुलांचा गृहपाठ, बायकांची कुकरची शिट्टी आणि माझा चहा सगळं त्या आरोळीवर चालतं.

आता या पाहुण्यांचा सरंजाम सांगतो.

पाणी समुद्राचंच लागतं, आणि ते अधूनमधून बदलावं लागतं. नशिराबादचे सलीमभाई केळीचा ट्रक घेऊन वाशीला जातात. येताना ट्रक रिकामा. ते ओळखीच्या होडीवाल्याकडून खोल समुद्राच्या पाण्याचे कॅन भरून आणतात. "नाना," सलीमभाई दर खेपेला म्हणतात, "सारी दुनिया नमक खाती है, आपने नमक का पानी पाल रखा है." पहिल्या खेपेला जकात नाक्यावर कारकुनानं विचारलं, कॅनमध्ये काय? सलीमभाई म्हणाले, "समंदर." कारकुनानं वास घेतला, बोट बुडवून चाटलं, थुंकला, आणि जकातीचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. समुद्रावर जकात किती ते त्यात नव्हतं. ट्रक सोडावा लागला.

पाण्याचा खारटपणा मोजायला नानांनी लॅक्टोमीटर आणला. हो, दूधवाल्याचाच, दुधात पाणी किती ते दाखवणारा. तो समुद्राच्या पाण्यात सोडला की बरोबर पंचविसाच्या रेघेवर तरंगतो, हा शोध नानांचा, आणि मी स्वतः ताडून पाहिला आहे. उन्हाळ्यात पाणी उडून जातं पण मीठ मागेच राहतं, मग लॅक्टोमीटर वर येतो. तेव्हा भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नाही. ही गोष्ट मला लगेच पटली. जमेची बाजू कमी झाली म्हणून खर्च वाढवायचा नसतो. या यंत्राचा आणखी एक फायदा झाला. आमच्या दूधवाल्यानं नानांच्या खिडकीत लॅक्टोमीटर लटकलेला पाहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या गल्लीचं दूध दाट झालं.

सगळ्यात अवघड प्रकरण सुकटीचं. नानांच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. आणि पोवळ्यांना लागते सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. नाना ती बाजारातून मेथीच्या जुडीखाली लपवून आणत. पण सुकट ही काही लपणारी वस्तू नाही. आठवड्याभरात गल्लीत बातमी, अक्का गेल्यावर नाना बिघडले. दोन ज्येष्ठ मंडळी समजावायला गेली. नानांनी त्यांना कोठीघरात नेऊन पंगत दाखवली. बाहेर आल्यावर त्यांतले एक म्हणाले, "खाणाऱ्याला पाप, वाढणाऱ्याला नाही." प्रश्न मिटला. तरी नानांनी सुकटीसाठी वेगळा खलबत्ता ठेवला आणि तो तुळशीच्या विरुद्ध बाजूला.

आणि उन्हाळा! बाहेर पंचेचाळीस, टाकीत सव्वीस, आणि नानांच्या अंगावर किती ते कोणी मोजलं नाही. टाकीला ओली गोणपाटं गुंडाळलेली. घरातला एकुलता एक कूलर तिच्याकडे तोंड करून, आणि नाना कूलरच्या पाठीमागं, जिकडून तो गरम हवा ओढतो तिकडे, उघड्या अंगानं हातपंख्यानं वारा घेत बसलेले. आमची सौ. सुनंदा एकदा म्हणाली, "नाना, कूलर जरा तुमच्याकडे वळवा की." नाना म्हणाले, "सूनबाई, पाहुणे घरात असताना यजमान पंख्याखाली बसतो का?"

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग मार्गशीर्षात धुळ्याहून नानांच्या पुतण्याचं बोलावणं आलं. त्याच्या मुलीचं लग्न. पुतण्या नानांना ओळखून होता. त्यानं निरोपात मुद्दाम घातलं, काका, बुफे नाही, पंगत आहे, आणि वरणाची बादली तुमच्यासाठी ठेवली आहे.

नाना दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत होते. जावं तर इकडे पंगत, न जावं तर तिकडे पंगत. शेवटी सुनंदाच म्हणाली, "नाना, तुम्ही जा. आम्ही आहोत ना. तीन-चार दिवसांचंच तर आहे."

नानांनी मला समोर बसवून सगळं तीनतीनदा वदवून घेतलं. सुकटीचा चुरा एक चमचा. आधी वास. मग थांबायचं. मग एकेक घास. दुसरा वाढा नाही. खरकटं लगेच काढायचं. पिशवी उचलून दाराशी गेले आणि परत आले. "मागच्या बाजूची लाजरी आहेत," म्हणाले. आणि गेले.

पहिल्या संध्याकाळी मी स्वतः वाढलं. कण न कण मोजून. नानांचा धुळ्याहून, एस.टी.डी. बूथवरून फोन आला.

"पंगत उठली का?"

"उठली, नाना."

"मागची?"

"त्यांना आधी दिलं."

"खरकटं?"

"काढलं."

"तुम्ही जेवलात?"

"आता बसतोय."

"बसा, बसा," आणि बूथवाला ओरडल्यामुळे फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आमच्या कार्यालयात तपासणी होती आणि मला उशीर होणार हे उघड होतं. वाढायचं काम सुनंदाकडे गेलं. ती सुगरण आहे, नीटनेटकी आहे, तिच्यावर विश्वास ठेवण्यात माझी काही चूक झाली असं मला आजही वाटत नाही. पण ती एकटी गेली नाही. इतके दिवस नानांच्या धाकानं लांब राहिलेल्या गल्लीतल्या चार-पाच जणी पंगत बघायला बरोबर निघाल्या. पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं, ते असं.

सुनंदानं वास दिला, थांबली, एकेक घास दिला. सगळं नियमाप्रमाणे. पण जेवून झालं तरी पोवळी काही मिटत नाहीत, हात पसरून तशीच फुललेली राहतात.

"अगं, ते बघ, अजून तोंड वासून बसलंय," एक म्हणाली.

"एकच घास गं! एका घासानं काय होतं?"

"नाना म्हणालेत, दुसरा वाढा नाही."

"पुरुषांचं काय घेऊन बसलीस? पंगतीत कोणी पुरे म्हटलं म्हणून आपण थांबतो का? आणि यांनी तर पुरे म्हटलेलंही नाही."

या युक्तिवादाला आमच्या खानदेशात उत्तर नाही. सुनंदानं दुसरा वाढा फिरवला. मग जिनं पहिली तक्रार केली तिला स्वतःच्या हातानं वाढायचं होतं. मग दुसरीला. नाकाला पदर लावून, सुकटीच्या वासानं तोंडं वाकडी करून, त्या शाकाहारी बायकांनी आग्रह करकरून पोवळ्यांना जेवू घातलं. सुकटीचा पुडा संपला तेव्हा पंगत उठली. इतकं पोटभर वाढल्यावर खरकटं असं काही राहिलं असेल, हे कोणाच्या मनातही आलं नाही.

सकाळी मी झरोक्याचं गोणपाट बाजूला केलं. टाकीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं. वास असा, की मी दोन पावलं मागे आलो. आणि त्या ताकात सगळी पोवळी मिटून गच्च गोळा झालेली. कालची शेवंती कुठंच नव्हती.

सुनंदानं सुकटीचा रिकामा पुडा उचलून माझ्यापुढे धरला.

मी धुळ्याला पुतण्याच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. लग्न त्याच दिवशी होतं. निरोप पोचला तेव्हा दुपारची पहिली पंगत बसली होती आणि नाना पहिल्या रांगेच्या मध्यावर होते. नंतर पुतण्यानं सांगितलं, काकांनी निरोप ऐकला, हातातली ओगराळी बादलीत ठेवली, बादली शेजारच्या वाढप्याच्या हातात दिली आणि चपला शोधायला लागले. ज्या पंगतीची त्यांनी इतकी वर्षं वाट पाहिली ती त्यांनी अर्ध्यावर सोडली.

संध्याकाळी नाना आले. धोतराला वरणाचा डाग होता. नानांच्या कपड्यांवर वरण मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते थेट कोठीघरात गेले, टाकीपुढे उकिडवे बसले, बराच वेळ पाहत राहिले.

"किती वाढे झाले?" त्यांनी विचारलं.

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. "पुडा संपला, नाना," मी म्हणालो.

मला वाटलं आता स्फोट होणार. नाना फक्त म्हणाले, "आग्रह ना? होतो. हात थांबत नाही." आणि बाही वर सारून नळी हातात घेतली.

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी मिळून टाकीतलं सडलेलं सगळं काढलं. घरात साठवलेले खाऱ्या पाण्याचे कॅन संपले. मी स्कूटर काढून नशिराबादला गेलो. सलीमभाईंचा ट्रक केळी भरून निघायच्याच बेतात होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नेहमीचा विनोद केला नाही, आणि परतताना कुठंही न थांबता पाणी घेऊन आले. पाणी बदललं. बदललेलं पुन्हा बदललं. टाकी काचेसारखी स्वच्छ झाली. लॅक्टोमीटर पंचविसावर स्थिर. माझ्या हिशेबानं आता सगळं जुळत होतं.

पोवळी उघडली नाहीत.

नाना रोज दिवेलागणीला टाकीपुढे बसत. आरोळी बंद झाली होती. नळीनं थोडासा वास फिरवत, आणि वाट पाहत. काही होत नसे. मग नळी धुऊन ठेवत. गल्लीत मुलांचे गृहपाठ रेंगाळायला लागले.

सुनंदा रोज डबा पाठवत होती. डबा जसाच्या तसा परत यायचा. मी विचारायला गेलो तेव्हा नाना म्हणाले, "पंगत उठल्याशिवाय वाढपी जेवतो का, हिशेबनीस? चहा घेतो मी. चालतंय."

"नाना, असं किती दिवस चालेल?"

"ते त्यांना विचारा," टाकीकडे बोट करून ते म्हणाले.

घरी येऊन मी हे सांगितलं. सुनंदानं ऐकून घेतलं. मग उठली, परसातून कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भारा उचलला, टोपलीत भरताची हिरवी मोठी वांगी घातली आणि म्हणाली, "डबा पाठवून उपयोग नाही. माझंच चुकतंय. आधी वास."

तिनं नानांच्या अंगणात, कोठीघराच्या झरोक्याखाली जाळ केला. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास कसा असतो, हे खानदेशात सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगता येत नाही. धूर आत जाईल म्हणून मी गोणपाट ओढून घ्यायला निघालो, तर तिनं डोळ्यांनीच मला थांबवलं. वांगी सोलली, हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचली, वर शेंगदाणे आणि कांद्याची पात. सगळं तिथंच. मग कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर ताट भरून आत नेलं. नानांच्या पुढ्यात नाही, जरा बाजूला, हाताच्या अंतरावर ठेवलं. "जेवा" म्हणाली नाही. भिंतीला टेकून खाली बसली. मीही बसलो.

नाना टाकीकडेच पाहत होते. वास देऊन झाला होता. नळी हातातच होती. बऱ्याच वेळानं ते बोलले, आमच्याकडे न पाहता.

"भरीतच लागायचं शांताला. बाकी कशाला तोंड उघडायची नाही. वांगं भाजायचो, नाकाशी धरायचो. वास गेला की मग उघडायची. मग पातळ करून या नळीनं. हीच नळी." त्यांनी ती हातात फिरवली. "कितीतरी दिवस चाललं. मग एके दिवशी वास दिला, तर उघडलं नाही. मी म्हटलं, घाई नको. बसून राहिलो."

 सुनंदानं पदर तोंडाला लावला.

"रत्नागिरीला धक्क्यावर हे जाळ्यातून आलं होतं. बादलीत टाकून दिलेलं. कोळ्यानं मजा म्हणून कोळंबीचं पाणी शिंपडलं. आणि ह्यानं तोंड उघडलं." नाना पहिल्यांदा आमच्याकडे वळले. "मग ठेवून कसं येणार?"

 बाहेर जाळ विझत आला होता. मी टाकीकडे पाहत होतो, कारण नानांकडे पाहवत नव्हतं. म्हणून मला आधी दिसलं. दगडाच्या मागच्या अंगाला, लाजऱ्यांच्या रांगेत, एका गोळ्याच्या टोकाला पिवळी रेघ दिसत होती.

"नाना," मी म्हणालो.

त्यांनीही पाहिलं. हलले नाहीत. रेघेची किनार झाली, किनारीतून बारीक हात बाहेर आले. शेजारी दुसरं सैल झालं. मग नानांनी नळीत एक कण घेतला. जन्मभर भरल्या बादल्या घेऊन धावणाऱ्या त्या माणसानं तो एक कण दोन्ही हातांनी नळी धरून पुढे नेला. कण तोंडाशी पोचला. तोंडानं तो घेतला.

त्या संध्याकाळी किती उघडली ते मी मोजलं नाही. सगळी उघडली नाहीत, एवढं सांगतो. दगडाच्या पुढच्या बाजूची काही कायमची गेली. नाना अजूनही रोज त्यांच्यावरून वास फिरवतात. "पान मांडून ठेवलंय," म्हणतात, "बसायचं तेव्हा बसतील."

खरकटं काढून झालं. नानांनी नळी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. टाकीकडे वाकून हळूच विचारलं, "कोनी उपाशी ऱ्हायना का रे?"

"हो," सुनंदा म्हणाली.

नानांनी तिच्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. ताट पुढे ओढलं. भाकरीचा तुकडा मोडून भरतात बुडवला, आधी नाकाशी नेला, मग तोंडात घातला. ते जेवत होते आणि सुनंदा पातेलं घेऊन शेजारी बसून होती. ताटातलं भरीत संपत आलं तरी तिनं पळी उचलली नाही. त्या पुड्यानंतर तिनं आग्रह न करण्याची शपथ घेतली होती. ती फक्त वाट पाहत होती.

नानांनी ताट तिच्याकडे सरकवलं.

"वाढ सूनबाई," ते म्हणाले, "हात आखडू नको."